अण्णांची मूठ आणि माझी मान

बेसबॉल म्हणलं की तुमच्या डोक्यात काय येतं ते मला माहीत आहे. एक फाटकी टीम, एक खडूस कोच, आधी हरणं, मग भांडणं, मग चिखलात प्रॅक्टिस, शेवटच्या बॉलवर जिंकणं आणि कोचला खांद्यावर उचलून मैदानभर नाचणं. तर आत्ताच सांगून टाकतो, नंतर कटकट नको. आम्ही जिंकत नाही. शेवटची मॅच आम्ही खेळतच नाही. कोचला कुणी खांद्यावर उचलत नाही, आणि उचललं असतं तर गुडघा दुखतोय म्हणून त्यांनी दोन पावलांत खाली उतरवायला लावलं असतं. शेवटी एवढंच होतं की मी बोलणी खातो. ज्यांना त्यात मजा वाटते त्यांनी पुढं वाचावं.

दुसरं असं, की मी नकला करतो हे कळलं की लोक आधीच हसायच्या तयारीत बसतात. ऑफिसात आमच्या मॅनेजरपासून कँटीनच्या काउंटरवरच्या बाईपर्यंत सगळ्यांचे आवाज मी काढतो, आणि पार्टीत ते मला खुर्चीवर उभं करतात. इथंही हसवीन की. पण हे लिहिताना मी रागात आहे. चार वर्षं झाली, राग उतरायला तयार नाही. बेंगळुरूच्या सर्जापूर रोडला संध्याकाळी साडेसहाच्या बसमध्ये मी लटकलेला असतो, तेव्हा पुढच्या गाडीवाल्याला जे काही बोलतो ते त्या बिचाऱ्यासाठी नसतंच.

मी शिकलो मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात. आमच्या शाळेत सॉफ्टबॉल होता, बेसबॉलचा धाकटा भाऊ. कामून होता, तर राज्यपातळीवर खेळलं की दहावीला वाढीव गुण मिळतात. क्रिकेटमध्ये तिथपर्यंत पोचायला गर्दी लई, सॉफ्टबॉलमध्ये रान मोकळं. आमच्या पीटीच्या सरांनी हे बरोबर हेरलं होतं. मी पिचर झालो ते मात्र शिक्षा म्हणून. सरांच्या आवाजात "रांगा करा" असं ओरडून मी अख्खी सातवी उन्हात उभी केली होती. सर म्हणाले, लई जोर आलाय का अंगात, मग त्या भिंतीवर बॉल फेक, मी सांगेपर्यंत थांबू नको. आणि ते सांगायचं विसरले. नक्कल आणि पिचिंग माझं असं एकाच दुपारी सुरू झालं.

पुढं इंजिनियरिंगला बेंगळुरूला आलो. कॉलेज यशवंतपूरच्या पलीकडं. पहिल्याच आठवड्यात नोटीस बोर्डावर 'बेसबॉल सिलेक्शन' असा कागद दिसला. कुणीतरी त्यावर पेनानं हेल्मेट घातलेला बेडूक काढला होता. मी गेलो. मैदानाच्या कोपऱ्यात दुधाच्या पिशव्यांचा निळा क्रेट पालथा घालून त्यावर एक जाडसर माणूस बसला होता, डाव्या हातात एवढा मोठा गोल मिट, म्हणजे बॉल झेलायचा चामडी हातमोजा. रांगेत उभा असताना मी मागच्या पोरांना आमच्या प्रिन्सिपलच्या स्वागताच्या भाषणाची नक्कल करून दाखवत होतो. मध्येच मराठीत एक शिवी गेली.

"मराठी हाय काय रे तू?" क्रेटवरून आवाज आला.

"हो सर."

"सर नको म्हणू. आमच्या घरात मराठी बोलतो, आणि मराठीत मला कुणी सर म्हणत नाही. अण्णा म्हण. सरी? आता स्वल्प इकडं ये, तोंड पुरे, हात दाखव."

हे अण्णा. आमचे कोच. घर मल्लेश्वरमला, तेही किती पिढ्यांचं ते त्यांनाही माहीत नव्हतं. कुठल्यातरी फौजेबरोबर आमचे लोक इकडं आले आणि परत जायचं विसरले, असं ते सांगायचे. त्यांच्या मराठीत मधूनच कन्नड यायचं. थोडं म्हणायच्या जागी स्वल्प, बरं म्हणायच्या जागी सरी. मला जेवढं कन्नड येतं ते सगळं त्यांच्याकडून आलंय, तोंडातून तोंडात, त्यांच्या चालीसकट. बाजारात मी कन्नड बोललो की दुकानदार दचकायचे. एकोणीस वर्षांचं पोरगं आणि बोलतंय पंचावन्न वर्षांच्या माणसासारखं.

तरुणपणी अण्णा राज्याच्या टीमचे कॅचर होते. पिचर बॉल फेकतो आणि बॅटरच्या मागं उकिडवा बसून जो तो झेलतो, तो कॅचर. बारा वर्षं उकिडवं बसून त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले, म्हणून तो निळा क्रेट. आणि बॅटला चाटून आलेले बॉल बसून बसून उजव्या हाताची बोटं अशी वाकलेली की ते टाटा करत होते की कुणाला जवळ बोलवत होते ते कळायचं नाही. बसमध्ये त्यांनी हात वर केला की कंडक्टर विचारायचा, किती तिकिटं.

खेळ सुटल्यावर ते आमच्या कॉलेजात लागले. एका वर्षासाठी. दर वर्षी कॉलेज उघडलं की त्यांच्या हातात एक कागद यायचा, त्यावर 'एका वर्षासाठी' असं लिहिलेलं असायचं. असे एकवीस कागद झाले. त्या कागदावर 'कोच' हा शब्द कधीच नव्हता. 'क्रीडा सहाय्यक' होतं. क्रिकेटच्या कोचला एसी खोली, आमच्या अण्णांना जिन्याखालची खोली, जिच्यात झाडू, जुने बॅनर आणि आमच्या बॅटी एकत्र राहायच्या. होम प्लेट, म्हणजे बॅटरच्या पुढ्यात जमिनीत गाडलेली ती पाच कोनांची पांढरी पाटी, तीसुद्धा अण्णांनी स्वतः बनवली होती. यशवंतपूरच्या एका कारखान्यातून टाकून दिलेल्या कन्व्हेयर बेल्टचं जाड रबर आणलं, चाकूनं कापलं, पांढरा रंग मारला. दर सहा महिन्यांनी रंग मारायचे. मैदानावरच्या चुन्याच्या रेघाही तेच ओढायचे, सकाळी, आम्ही यायच्या आधी, गुडघ्यावर हात ठेवून.

आता खुणांचं सांगतो, कारण पुढं सगळं त्याच्यावर आहे.

बॉल कुठला टाकायचा ते कॅचर पिचरला बोटांनी सांगतो, मांड्यांच्या मध्ये हात लपवून. एक बोट म्हणजे सरळ जोरात, दोन म्हणजे वळणारा, असं. प्रॅक्टिसला अण्णा स्वतः क्रेटवर बसून माझे बॉल घ्यायचे आणि खुणाही तेच द्यायचे. पण त्यांचं एक बोट दीड दिसायचं आणि दोन बोटं साडेतीन. त्यांच्या हाताला स्वच्छ जमणारी खूण एकच, मूठ. मूठ म्हणजे टाकू नको. बॉल हातात ठेव, हलू नको, गप उभा राहा.

आणि खूण पटली नाही तर पिचर मान हलवतो. नाही म्हणतो. मग कॅचरनं दुसरी खूण द्यायची. अण्णांनी हे मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. "मान हलवायचा हक्क पिचरचा. बॉल तुझ्या हातात हाय, मार तुला पडणार. कॅचरनं चिडायचं नाही." हे त्यांनी मला सांगायला नको होतं. मला हक्क मिळाला म्हणजे काय होणार. एक बोट आलं, मी मान हलवली. दोन आली, हलवली. सगळ्याला नाही म्हणून झालं की पहिल्यालाच हो म्हणायचो, आणि तोपर्यंत आमची पोरं हसून लोळत असायची. अण्णा कधी चिडले नाहीत. पुढची खूण द्यायचे. सॉफ्टबॉलला हात खालून फिरतो आणि बेसबॉलला वरून, ते वळण मोडायला त्यांनी माझ्यावर एक अख्खं वर्ष घातलं, रोज दोनशे बॉल झेलून. एवढ्या दोनशेत एकदाही "अरे ऐक की" म्हणाले नाहीत.

तिसऱ्या वर्षी आमची टीम खरंच बरी झाली. युनिव्हर्सिटीच्या स्पर्धेला सहा आठवडे होते. आणि एका दुपारी आम्ही मैदानावर गेलो तर पहिल्या बेसजवळ टेम्पोनं खडी ओतलेली. शेजारी फरशा रचलेल्या. नवीन बिल्डिंगसाठी पार्किंग होणार होतं. पाहुण्यांसाठी. आमच्या कॉलेजला पाहुणे येतात हे मला तेव्हाच कळलं.

अण्णांनी खडीकडं पाहिलं, बूट झटकले आणि म्हणाले, "चल, सेक्रेटरीला भेटून येऊ. सहा आठवडे मागू. मग करू देत काय करायचं ते."

सेक्रेटरी म्हणजे कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचा सेक्रेटरी. याचा आवाज काढणं लई सोपं. नाकात पेन्सिल अडकलीय असं समजायचं आणि प्रत्येक वाक्य संपायच्या आधी घड्याळ बघायचं. आम्ही त्याच्या केबिनबाहेर उभे राहिलो. खुर्च्या होत्या, पण शिपाई म्हणाला त्या पालकांसाठी आहेत. दोन तास. अण्णा एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. मी म्हणलं, अण्णा, बसा की, कोण काय करतंय. ते म्हणाले, सुम्ने राहा. म्हणजे गप राहा.

सेक्रेटरी बाहेर आला तो जायच्या घाईत. दोघं कन्नडमध्ये बोलले, मी मराठीत सांगतो.

"सर, बेसबॉलच्या ग्राउंडचं बोलायचं होतं."

"बेसबॉल? ते आपल्याकडं अजून आहे?"

"आहे सर. एकवीस वर्षं आहे. सहा आठवड्यांवर स्पर्धा आली. तेवढं थांबलं काम तर..."

"अहो, पार्किंगमध्येपण खेळतील की पोरं. गाड्या काय रोज येणारेत?" आणि हसला. स्वतःच्या विनोदावर, घड्याळ बघत.

"सरी सर," अण्णा म्हणाले. "सरी सर. उद्या येऊन भेटतो."

तो गेला. मी अण्णांकडं पाहिलंच नाही. मला सेक्रेटरीचा राग आला होता, ते ठीकच आहे, पण त्याहून जास्त राग त्या 'सरी सर'चा आला. दोनदा. मान वाकवून. ज्या माणसानं बारा वर्षं छातीवर बॉल घेतले तो या पेन्सिलवाल्यासमोर सरी सर करतोय. 

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्टेलच्या गच्चीवर मी पोरांना सगळा प्रसंग करून दाखवला. आधी सेक्रेटरी, मग अण्णा. सेक्रेटरीला हसले. अण्णांचं 'सरी सर' केलं तेव्हाही आधी हसले, मग हळूहळू थांबले. आमचा शॉर्टस्टॉप नागपूरचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला खेळाडू, आणि मैदानाबाहेरही कायम दोघांच्या मधला. तो म्हणाला, "काहून बे, बुढा काहीच नाही बोलला?"

"काहीच नाही."

"मग तू बोल ना. त्याच्या आवाजात. नंबर आहे माझ्याकडं, फेस्टच्या वेळचा."

मी म्हणलं, नंबर बघून कळेल की अण्णांचा नाही. तो म्हणाला, "त्याच्याकडं अण्णाचा नंबर असंल असं वाटते तुला?"

नव्हताच. पुढचं सगळं त्यामुळंच जमलं. एकवीस वर्षं नोकरीला असलेल्या माणसाचा नंबर त्या माणसाच्या फोनमध्ये नव्हता.

मी लावला. शॉर्टस्टॉपनं त्याच्या फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं. तीन वाजले असतील. मी कॅचरसारखा उकिडवा खाली बसलो, कारण बसल्याशिवाय तो आवाज पोटातून येत नाही. आणि बोललो, त्यांच्या कन्नडमध्ये, जे माझं एकमेव कन्नड होतं.

"सर, बेसबॉलचा कोच बोलतोय. काल तुम्ही मला दोन तास उभं केलं. माझे दोन्ही गुडघे गेलेत, आणि ते तुमच्याच ग्राउंडवर पुरते गेले. एकवीस वर्षांत तुम्ही एक मॅच बघायला आला नाहीत. विचारता, बेसबॉल अजून आहे का. तर उद्या चार वाजता या. कॅचरचा जाळीचा मास्क न घालता प्लेटच्या मागं उभे राहा. माझा पिचर बॉल टाकेल. मग सांगा आहे की नाही. आणि मी परवानगी मागत नाही. खडी उचला. सरी? सरी, सरी."

फोन ठेवला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पाण्याच्या टाकीवर बसलेला आमचा कॅचर तर शिट्ट्या मारायला लागला. खरं सांगतो, एवढी चांगली नक्कल मी त्याआधी कधी केली नव्हती, नंतरही नाही. आजही ते आठवलं की आधी अंगावर काटा येतो, आणि मग स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटते. क्रम असाच असतो, आधी काटा.

चार वाजता प्रॅक्टिसला गेलो. अण्णा आधीच आलेले, चुन्याच्या नव्या रेघा ओढलेल्या, आणि चेहरा असा की लग्नघरातून आलेत. क्रेटवर बसले. "इकडं या रे सगळे. एक सांगायचंय." शर्टाच्या खिशाला हात लावला.

तेवढ्यात गेटमधून पांढरी गाडी आत आली. रस्त्यानं नाही, मैदानातून. चुन्याच्या रेघांवरून, बेसवरून, थेट आमच्यापर्यंत. सेक्रेटरी उतरला. पेन्सिल नाकात नव्हती, आवाज पार छातीतून येत होता.

"मास्क न घालता उभा राहू मी? मी? खडी उचलू?"

अण्णांना काही कळेना. ते क्रेटवरून उठायला लागले, एका हातानं गुडघा धरून. सेक्रेटरीनं माझी सगळी वाक्यं एकेक करून परत म्हणून दाखवली. अण्णांच्या आवाजात म्हणायचा प्रयत्न करत होता. अजिबात जमत नव्हतं. आणि त्या अवस्थेतही माझ्या मनात पहिला विचार हाच आला, की याला जमत नाही. अशी माझी अक्कल.

"बोललात की नाही? तीन वाजता? फोनवर?"

आमच्यातलं एकही पोरगं मान वर करेना. सगळे आपापले बूट बघत होते. अण्णांचे ओठ हलत होते, आवाज न करता, ती वाक्यं पुन्हा म्हणून बघितल्यासारखे. मग त्यांनी मान वळवली. कुणालाच शोधलं नाही. सरळ माझ्याकडं पाहिलं.

त्यांचा उजवा हात मांडीशेजारी लोंबत होता. बोटं वळली. मूठ झाली.

टाकू नको. हलू नको. गप उभा राहा.

"हो सर," अण्णा म्हणाले. "मीच बोललो."

"माफी मागा. इथंच. या पोरांसमोर. मग बघू पुढचं."

"नाही सर."

"काय नाही?"

"माफी नाही. बोललो ते बोललो."

सेक्रेटरीनं पहिल्यांदाच घड्याळाकडं पाहिलं नाही. मग हात पुढं केला. "सकाळी सही करून दिलेला कागद. द्या इकडं."

अण्णांनी खिशातून घडी केलेला कागद काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. तेव्हा आम्हाला कळलं. सकाळी ते परत गेले होते. सहा आठवडे मिळाले होते. सही झाली होती. तेच सांगायला त्यांनी आम्हाला गोळा केलं होतं.

कागद सेक्रेटरीच्या खिशात गेला. "उद्यापासून येऊ नका," म्हणाला, आणि गाडी ज्या वाटेनं आली त्याच वाटेनं मैदानातून गेली.

तो कागद एका खिशातून दुसऱ्या खिशात जायला किती वेळ लागला असेल. दहा सेकंद. दहा सेकंदांत माणूस "सर, फोन मी केला होता" एवढं वाक्य तीनदा म्हणू शकतो. मी नंतर म्हणून बघितलंय. तीनदा आरामात बसतं. माझं तोंड, जे वर्गात, मेसमध्ये, बसमध्ये, श्रद्धांजलीच्या सभेतसुद्धा कधी बंद राहिलं नाही, ते बंद होतं. माझं शेवटचं वर्ष तोंडावर होतं, कॉलेजनं काढलं असतं तर गावी काय सांगणार होतो, हे सगळं डोक्यात होतं, नव्हतं असं नाही. पण मी स्वतःला सांगितलं, मूठ आहे. अण्णांनी मूठ दाखवलीय.

"बॅगा भरा," अण्णा म्हणाले. 

टीमचं नाव स्पर्धेतून मागं घेतलं गेलं, कारण कोचच नाही. क्रीडा विभागातल्या एका बाबूनं मला समजावलं की नियम आहे. ज्या कॉलेजनं एकवीस वर्षं त्या माणसाला कोच असं लिहून दिलं नाही, त्याच कॉलेजनं आता कोच नाही म्हणून टीम काढून घेतली. यात विनोद आहे हे मला दिसतं. तो कुणाला सांगून हसवावा असं मला चार वर्षांत एकदाही वाटलेलं नाही.

चार दिवस मी त्यांना तोंड दाखवलं नाही. पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यांचा फोन आला. "पहार हाय काय कुठं? घेऊन ये ग्राउंडवर. प्लेट काढायचीये."

वॉचमननं आम्हाला आत सोडलं, दुसरीकडं बघत. अर्ध्या मैदानावर फरशा बसल्या होत्या. अण्णा क्रेट घेऊन आले होते. प्लेटच्या मागं, नेहमीच्या जागी, क्रेट ठेवून बसले. मी पहार घातली.

"बाजूनं खण. रबर फाटेल."

मी बाजूनं खणायला लागलो. 

"त्या नागपूरच्या पोरानं मला रेकॉर्डिंग पाठवलं," ते म्हणाले. "रडत होता फोनवर. घरात बसून ऐकलं. माझी बायको आतून म्हणाली, कुणाशी भांडताय एवढं."

मी खाली बघून खणत होतो.

"सरी मी दोनदा म्हणतो. तू तीनदा म्हणालास. तीनदा म्हणणारा माणूस घाबरलेला असतो."

मला वाटलं, सुटलो. हसायला आलं. चूक झाली.

"दात आत घाल. दात बघायला बोलावलं नाही तुला." असा आवाज मी त्यांचा कधी ऐकलाच नव्हता, त्यामुळं तो मला आजही काढता येत नाही. "तुला काय वाटलं, अण्णाला बोलता येत नाही? सरी सर, सरी सर, म्हणजे अण्णा भित्रा? अरे, कॅचर खाली बसतो तो भिऊन बसतो काय? खाली बसल्याशिवाय बॉल दिसत नाही म्हणून बसतो. दोन तास उभा राहिलो, कारण मला ठाऊक होतं दुसऱ्या दिवशी तो सही करणार. लाज वाटायला स्वल्प वेळ लागतो माणसाला. तेवढा द्यायचा असतो. तू दिलास? तुला घाई. गच्चीवर टाळ्या पाहिजेत."

"अण्णा, मला राग आला होता."

"मला नव्हता आला? एकवीस वर्षं आलेला हाय. बेसवरचा रनर पुढच्या बेसकडं पळाला की कॅचरला राग येतो. रागात उठून फेकलं की बॉल कुठं जातो? सांग."

"दुसऱ्या बेसवाल्याच्या डोक्यावरून, पार मागं सेंटर फील्डला."

"आणि रनर?"

"तिसऱ्या बेसवर."

"एवढं येतंय, आणि तरी फेकलंस." त्यांनी वाकडी बोटं गुडघ्यावर आपटली. "बोलणार होतो मी. हेच सगळं. शेवटची मॅच झाली की त्याच्या केबिनपाशी जाऊन, त्या पालकांच्या खुर्चीत बसून बोलणार होतो. रात्रंदिवस घोळवून ठेवलं होतं. ते तू एका दुपारी वापरून टाकलंस. आता मी काय बोलू त्याला? माझंच बोलणं माझ्याकडं राहिलं नाही."

"मग माफी मागायची ना," मी म्हणलं. मलाही चढला होता. "एक शब्द बोलला असतात तर ग्राउंड राहिलं असतं."

"शब्द माझे होते. तोंड तेवढं तुझं होतं. माझ्या शब्दांची माफी मी मागू? आणि तुझ्या तोंडाची मागितली असती, तर तुझं नाव सांगावं लागलं असतं."

प्लेट एका कोपऱ्यातून सुटली. खाली ओली माती, गांडुळं. मला वाटलं आता काहीतरी आपण बोलावं. काहीतरी चांगलं. आणि मी बोललो ते हे.

"मी सांगणारच होतो, अण्णा. पण तुम्ही मूठ दाखवलीत."

ते क्रेटवरून उठले. दोन्ही गुडघे वाजले. मला वाटलं मारतात.

"मूठ दाखवली," ते म्हणाले. "एक बोट दाखवलं, तू मान हलवलीस. दोन दाखवली, हलवलीस. तीन वर्षं, रोज, प्रत्येक खुणेला नाही म्हणालास, पोरं हसावी म्हणून. मी एकदा तरी काही बोललो? हक्क तुझा, म्हणून पुढची खूण दिली. आणि त्या दिवशी, एकदाच, जेव्हा नाही म्हणायचं होतं तेव्हा माझं ऐकलंस? तेव्हा कुठं गेली होती रे मान?"

मी पहार धरून उभा.

"मूठ दाखवणं माझं काम. उद्या परत तसं झालं तर परत दाखवीन. पोराला पाठीशी घालायचं, त्याच्याचसाठी कोच असतो. पण मान हलवणं तुझं काम होतं. ते मी कसं करू? तुझी नक्कल मला येत नाही."

 जिभेवर जे जे आलं ते सगळं दुसऱ्याच्या आवाजातलं होतं.

"बघत काय राहिलास? खण. त्या बाजूनं. बाजूनं म्हणालो ना, रबर फाटेल म्हणून सांगितलं ना आत्ता? कान कुठं असतात तुझे?"